तुमच्या जिन्याला पायऱ्या किती?

प्रश्न : इंग्लंडमधल्या एका शहरात कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या) घरात आम्ही अकरा वर्षं राहतोय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. त्यांना सी.ओ.पी.डी. (फुप्फुसाचा, धाप लागण्याचा जुनाट आजार) आहे, चार वर्षांपूर्वी स्टेंट घातला, शुगर आहे, बी.पी. आहे, गुडघाही धरलाय. मी केअर होममध्ये शिफ्ट करते. मुलगा १९ चा, मुलगी १४ ची. घराला दोन बेडरूम, मुलगा हॉलमध्ये झोपतो. बाथरूमला सारखी बुरशी येते. तळमजल्यावर घर बदलून मिळावं म्हणून अर्ज केला, डॉक्टरांना ३५ पौंड देऊन पत्र आणलं. बारा दिवसांपूर्वी उत्तर आलं की सध्याच्या घरामुळे प्रकृती लक्षणीय बिघडते असं दिसत नाही, त्यामुळे मेडिकल प्राधान्य नाही. एवढे आजार असून नाही? कुणी सांगतं मोठ्या स्पेशालिस्टचं पत्र आणा. कुणी सांगतं घर सोडा, बेघर म्हणून गेलात की लगेच मिळतं. एक ओळखीचे गृहस्थ ४०० पौंडांत ‘बँड (प्रतीक्षायादीतली प्राधान्याची पायरी) वाढवून देतो’ म्हणतात. ह्यांना तर हे सगळं भीक मागितल्यासारखं वाटतं. काय करू?
– म. पा.

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी एक काम उरका. नकाराला बारा दिवस झालेत. पुनर्विचार मागायची मुदत बहुतेक कौन्सिलांत २१ दिवसांची असते. तुमच्या पत्रात ती शेवटी, बारीक अक्षरात असेल, काढून बघा. म्हणजे हातात नऊ दिवस. आज शिफ्टवरून आलात की चहा ठेवा आणि तो उकळेपर्यंत ई-मेल टाका : अमुक तारखेचा निर्णय मला मान्य नाही, त्याचा पुनर्विचार व्हावा, कागदपत्रं मागाहून पाठवते. वर अर्जाचा नंबर. कारणं आज लिहू नका. मी सतरा वर्षं लंडनमधल्या एका कौन्सिलच्या घरवाटप खात्यात अर्ज तपासले. चांगली भक्कम प्रकरणं बुडाली ती याच पायी. माणसं हॉस्पिटलच्या पत्राची वाट बघत बसायची आणि पत्र यायचं पंचविसाव्या दिवशी.

पुनर्विचार ही कुणाची मेहेरबानी नव्हे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या हाउसिंग ॲक्टच्या १६६ए कलमात तो हक्क दिलेला आहे. (स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, तिथल्या वाचकांनी हे जसंच्या तसं घेऊ नये.) पहिला निर्णय देणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या आणि सहसा वरच्या अधिकाऱ्याने फाइल नव्याने बघायची असते. त्याच कलमाखाली निर्णय देताना तुमच्याबद्दल काय काय धरलं, हेही विचारता येतं. म्हणून ई-मेलमध्ये आणखी एक ओळ घाला : वैद्यकीय सल्लागाराने माझ्या प्रकरणात जे मत दिलं त्याची प्रत पाठवावी. हा सल्लागार बहुतेक वेळा बाहेरचा डॉक्टर असतो आणि त्याने तुमच्या यजमानांना पाहिलेलंही नसतं. कागद वाचून तो चार ओळी खरडतो. त्या चार ओळी हाती आल्या की कुठे घसरलं ते कळतं.

तुम्ही तळतळून विचारलंय, एवढे आजार असून नाही? मला खात्यातला एक दिवस आठवतो. सकाळी एक फाइल आली, कॅन्सरची. बाई तळमजल्यावर राहत होत्या, न्हाणीघरात बसून अंघोळीची सोय होती, बसचा थांबा दारात. मेडिकल प्राधान्य नाही. दुपारी दुसरी फाइल, नुसती गुडघेदुखी, पण चौथा मजला आणि लिफ्ट वर्षातून कितीतरी दिवस बंद. प्राधान्य मिळालं. सकाळच्या बाईंच्या मुलीने काउंटरवर मला विचारलं, कॅन्सरपेक्षा गुडघा मोठा का? तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आता देते.

कायद्याने पाच गटांना ‘वाजवी प्राधान्य’ द्यायला सांगितलंय : बेघर लोक, बेघरांपैकी ज्यांची जबाबदारी कौन्सिलवर पडलीय ते, दाटीवाटीच्या किंवा राहण्यालायक नसलेल्या घरात राहणारे, वैद्यकीय किंवा कल्याणाच्या कारणासाठी घर बदलणं ज्यांना गरजेचं आहे ते, आणि विशिष्ट भागात गेलं नाही तर ज्यांचे हाल होतील ते. चौथ्या गटाचे शब्द पुन्हा वाचा. त्यात ‘आजारी लोक’ असं कुठेही म्हटलेलं नाही. घर बदलण्याची गरज असलेले लोक म्हटलंय. आजार किती मोठा, हे कौन्सिल तोलतच नाही. या घरामुळे त्या आजाराचं काय होतं आणि दुसरं घर दिलं तर काय फरक पडेल, एवढंच ती बघते. इंग्लंडभर प्रतीक्षायादीत तेरा लाखांच्या आसपास कुटुंबं आहेत. त्यात मधुमेह, बी.पी., स्टेंट घरोघरी. नुसत्या आजारांच्या यादीवर तपासणाऱ्याचा डोळा अडखळत नाही. माझाही अडखळत नसे.

तुमचं मला आलेलं पत्र तीन पानांचं आहे (वर त्याचं सार दिलंय). त्यात पाच आजार आहेत, अकरा औषधांची नावं आहेत, स्टेंटची तारीख आहे. जिन्याला पायऱ्या किती आहेत, ते नाही. यजमान आठवड्यातून किती वेळा खाली उतरतात, ते नाही. वर यायला किती वेळ लागतो, ते नाही. कौन्सिलला पाठवलेल्या अर्जातही नसणार, कारण डॉक्टरांच्या पत्राची प्रत तुम्ही जोडलीय आणि त्यात शेवटी ‘तळमजल्यावरचं घर मिळाल्यास उपयोग होईल’ एवढं एक वाक्य आहे. पस्तीस पौंडांचं वाक्य. उपयोग तर सगळ्यांनाच होईल.

एक साधी वही घ्या आणि पुढचे चौदा दिवस रोज लिहा. विशेषणं नकोत. वेळ, मजला, काय झालं. साधारण अशी :

‘सोमवार. ९.२० ला खाली निघाले. दवाखाना. परत येताना पहिल्या मजल्यावर पंप घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून पाच मिनिटं उभे. वर पोचायला चौदा मिनिटं. नंतर अर्धा तास बोलता येत नव्हतं. जेवले नाहीत.
मंगळवार. खाली गेले नाहीत.
बुधवार. खाली गेले नाहीत.
गुरुवार. फुप्फुसाच्या व्यायामाचा वर्ग होता. परत जिना चढवणार नाही म्हणून गेले नाहीत.’

ही शेवटची ओळ मी तुमच्याच पत्रातून उचललीय. दुसऱ्या पानावर, मुलीच्या शाळेबद्दल लिहिता लिहिता तुम्ही जाता जाता म्हटलंय की ‘रिहॅबचा क्लास पण ह्यांनी सोडला, कोण चढणार परत’. अहो ताई, तुमच्या अख्ख्या प्रकरणाचा कणा तो आहे! सी.ओ.पी.डी.च्या रुग्णाला हॉस्पिटल सहा-आठ आठवड्यांचा, आठवड्यातून दोनदा असा व्यायामवर्ग देतं. तो औषधाइतकाच उपचार मानला जातो. घरामुळे तो उपचार बंद पडलाय. ‘प्रकृती बिघडते असं दिसत नाही’ या वाक्याला याहून सरळ उत्तर नाही. वर्गात नाव घातल्याचं पत्र, गैरहजेरीचं पत्र, जे असेल ते शोधा. नसेल तर त्या विभागाला फोन करून मागा आणि गैरहजेरीचं कारण जिना आहे, हे त्यांच्याकडे नोंदवून घ्या.

आता भाषेचं. अर्जावरचा इंग्रजी मजकूर मुलाने लिहिला असं तुम्ही म्हणता. त्याला नावं ठेवत नाही, पण एक जागा बघा. तुम्ही सांगितलं असणार की जिना चढताना ह्यांना ‘घाबरं होतं’. मुलाने इंग्रजीत लिहिलं की वडील घाबरतात. सल्लागाराने काय वाचलं असेल? मानसिक चिंता, समुपदेशन उपलब्ध आहे. आपल्या मराठीत जीव घाबरा होणं म्हणजे श्वास पुरत नाही, छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो, हे इथे जन्मलेल्या पोराला कुठून कळणार? तसंच ‘दम लागतो’चं झालेलं दिसतं, त्याने ‘थकतात’ लिहिलंय. थकणं वेगळं, धाप वेगळी. ‘कसंतरी होतं’ हे तर तपासणीच्या खोलीत उच्चारूच नका. त्यापेक्षा सांगा : एका दमात किती पायऱ्या चढतात, थांबल्यावर एक वाक्य सलग बोलता येतं का, ओठ निळसर पडतात का. कौन्सिलकडे आणि हॉस्पिटलकडे मराठी दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत. मुलाला या कामातून मोकळं करा. बाप आपल्या दुखण्याबद्दल मुलासमोर खरं बोलत नाही, हे मी काउंटरच्या पलीकडून कितीदा पाहिलंय.

मोठ्या स्पेशालिस्टचं पत्र आणायला धावू नका. कन्सल्टंट फुप्फुसाबद्दल लिहील, तुमचा जिना त्याने पाहिलेला नाही. जी.पी.ने, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरनेही, पाहिलेला नाही, म्हणून कित्येक कौन्सिल अर्जावरच छापतात की पैसे देऊन जी.पी.चं पत्र आणू नका. ज्याच्या शब्दाला इथे वजन आहे तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे घरात रोजची कामं कशी जमतात ते तपासणारा, आपण सगळे ओ.टी. म्हणतो तो. कौन्सिलच्या प्रौढ समाजसेवा विभागाला फोन करून घरी येऊन तपासणी करा म्हणायचं, तपासणी फुकट असते. थांबावं लागतं, काही ठिकाणी बरेच महिने. म्हणून फोन याच आठवड्यात करा आणि पुनर्विचाराच्या अधिकाऱ्याला कळवून ठेवा की ओ.टी.चा अहवाल यायचाय.

ओ.टी. येईल त्या दिवसाबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. आपल्या घरात काय होतं ते मला माहीत आहे. माणूस येणार म्हणून सकाळपासून आवराआवर. यजमान दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बेल वाजली की स्वतः उठून दार उघडतात, हसून ‘या या’ म्हणतात, पाहुण्याला खुर्ची ओढून देतात. मग ओ.टी. बाईने विचारलं, आता कसं आहे? ‘फाइन, फाइन. मॅनेजिंग.’ वर चहा टाकायला उठतात. ती बाई वहीत लिहिते : स्वतः चालतात, दार उघडतात, स्वयंपाकघरात उभे राहून काम करतात. खोटं नाही लिहीत, पाहिलं तेच लिहिते. अशी वाक्यं मी शेकड्यांनी वाचलीत आणि आडनाव देशपांडे, पाटील किंवा पटेल असलं की मनात म्हणायची, झाला बघ पाहुणचार. तपासणीची वेळ मिळाली की यजमानांना सांगा, त्या दिवशी पाहुणचार नाही. पंप जिथे असतो तिथेच राहू दे, टेकायला ठेवलेली खुर्ची न्हाणीघराबाहेर दिसू दे, टबाची कड ओलांडताना ते तुमच्या खांद्याला धरतात ते तिच्यासमोर करून दाखवू दे. आणि तिला जिन्यावर घेऊन जा. एक मजला त्यांना चढू दे, दुसरा नको. तेवढ्यात तिला काय ते समजेल.

ओ.टी.च्या अहवालाची वाट बघत असताना हातात जे आहे ते पाठवायचं : दोन आठवड्यांची वही, व्यायामवर्गाचा कागद, हॉस्पिटलमध्ये भरती झाले असतील तर घरी सोडतानाचं पत्र, आणि पी.आय.पी. (आजार-अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता) मिळत असेल तर त्याचं निर्णयपत्र. त्यात चालण्याबद्दल आणि अंघोळीबद्दल गुण दिलेले असतात, ते दुसऱ्या सरकारी खात्याने आधीच तपासलेले असतात. सल्लागाराच्या मताने तुम्ही दबून जाऊ नका. निर्णय कौन्सिलने स्वतःचं डोकं लावून घ्यायचा असतो. बर्मिंगहॅम कौन्सिलच्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं होतं की रुग्णाला न तपासता मत देणाऱ्या डॉक्टरचं मत वाचताना, त्याने तपासलेलं नाही ही गोष्ट लक्षात घेतलीच पाहिजे. ते प्रकरण बेघरांचं होतं, तरी पुनर्विचारात हा मुद्दा मांडायला हरकत नाही.

कौन्सिलची वाटपयोजना, म्हणजे ती अलोकेशन स्कीम, वेबसाइटवर असतेच. तिचा सारांश मागितला तर फुकट द्यावा लागतो. त्यातलं मेडिकलचं पान काढा. प्रत्येक कौन्सिलचे बँड वेगळे, शब्द वेगळे. कुणी ‘लक्षणीय’ म्हणतं, कुणी ‘गंभीर’, कुणी ‘घरात अडकून पडलेले’. या शब्दांवर भांडून उपयोग नाही. २००९ मध्ये न्यूहॅम कौन्सिलच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की गरजूंमध्ये क्रम कसा लावायचा हे ठरवायला कौन्सिलला भरपूर मोकळीक आहे, कोर्टाने त्यात सहसा पडू नये. तेव्हा तुमच्या कौन्सिलने जो शब्द वापरलाय, त्या शब्दाखाली तुमच्या वहीतल्या नोंदी बसतात हे दाखवायचं. मंगळवार आणि बुधवार ‘खाली गेले नाहीत’ असेल तर ते ‘घरात अडकून पडलेले’च झाले ना?

अर्जात तुम्ही एक मोठी गोष्ट गाळलीत. मुलगा हॉलमध्ये झोपतो हे मला लिहिलंत, कौन्सिलला नाही. कारण मला कळतं. लालबाग-गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसं वाढलेली आपण, ‘आम्हाला खोली कमी पडते’ म्हणायला जीभ रेटत नाही. पण इथला हिशेब सरळ आहे. नवरा-बायकोला एक खोली, आणि दहा वर्षांवरचे भाऊ-बहीण एका खोलीत धरत नाहीत. म्हणजे तुमची गरज तीन खोल्यांची, आहेत दोन. हा मेडिकलपेक्षा वेगळा गट आहे, दाटीचा, आणि तो स्वतंत्रपणे मोजला जातो. अर्जात नोंदवाच.

नोंदवताना पुढचाही विचार करा, कारण इथे एक पेच आहे. पायऱ्या नसलेलं दोन खोल्यांचं घर कधीमधी निघतं, तीन खोल्यांचं क्वचितच. मुलगा १९ चा आहे. वर्षभरात शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या गावी जाणार असेल, तर तो गेल्यावर अर्ज दुरुस्त करून दोन खोल्यांसाठी रांगेत राहिलात तर नंबर बहुधा लवकर लागेल. जाणार नसेल तर तीन. राहत असताना ‘राहत नाही’ असं लिहायचं नाही. खोटी माहिती देणं हा याच कायद्याच्या १७१ कलमाखाली गुन्हा आहे आणि त्यापायी मिळालेलं घरही जाऊ शकतं. चौघांनी एका रात्री जेवताना बसून हे ठरवा. मुलाला वगळून ठरवू नका, हॉलमध्ये तोच झोपतोय.

‘तळमजला’ हा शब्द अर्जातून काढा असंही सुचवेन. तुम्हाला हवंय ते पायऱ्या नसलेलं घर. लिफ्टची इमारत चालत असेल तर तसं म्हणा. मेडिकल शिफारशीत ‘फक्त तळमजला’ असा शिक्का बसला की पाचव्या मजल्यावरच्या, दोन-दोन लिफ्ट असलेल्या घरावर बोली लावायला गेलात तरी सिस्टिम तुम्हाला बाहेर काढते. ही बोली पैशांची नसते हे नव्या वाचकांसाठी सांगते. दर आठवड्याला रिकाम्या घरांची यादी लागते, आपण पसंती नोंदवायची, वरचा बँड आणि जुनी तारीख ज्याची त्याला घर. म्हाडाच्या सोडतीसारखी चिठ्ठी यात नाही, म्हणून वाट बघणं फुकट जात नाही, तारीख जुनी होत राहते. उलट मिळालेलं योग्य घर विनाकारण नाकारलंत तर बऱ्याच ठिकाणी बँड खाली येतो किंवा काही महिने बोलीच बंद. तेव्हा जिथे जायचंच नाही तिथे बोली लावू नका.

बुरशीबद्दल थोडक्यात. तिच्यावर घर बदलून मिळण्याची आशा धरू नका. बुरशी दुरुस्त करता येते, आणि जे दुरुस्त होतं त्यासाठी कौन्सिल घर बदलून देत नाही. पण फुप्फुसाच्या रुग्णाच्या घरातली बुरशी हा स्वतंत्र, गंभीर विषय आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या नावाने आता कायदा आहे. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरमालकांना (कौन्सिल आणि स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या हाउसिंग असोसिएशन) मोठ्या धोक्याच्या ओल-बुरशीची तक्रार आल्यावर दहा कामाच्या दिवसांत तपासणी करावी लागते, आणि धोका खरा निघाला तर तपासणीनंतर पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करावं लागतं. तक्रार लेखी करा, घरात सी.ओ.पी.डी.चा रुग्ण आहे हे पहिल्या ओळीत लिहा, फोटोवर तारीख दिसू द्या. मेडिकलच्या अर्जात ती मिसळू नका. तिथे ती आली की सल्लागार म्हणतो, दुरुस्ती करून घ्या, आणि जिन्याचा मुद्दा मागे पडतो.

बेघर व्हायचा सल्ला ज्याने दिला त्याला पुन्हा घरात घेऊ नका. असलेलं कौन्सिलचं घर आपण होऊन सोडलं की कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘जाणूनबुजून बेघर’ ठरता. मग तात्पुरता निवारा, तोही मोजक्या दिवसांचा, आणि अकरा वर्षांचा पक्का भाडेहक्क गेला तो गेला. चाव्या कुणाच्याही सांगण्यावरून परत करायच्या नाहीत, कौन्सिलच्या एखाद्या गोडबोल्या कर्मचाऱ्याच्याही नाही.

चारशे पौंडवाले गृहस्थही मला ओळखीचे वाटतात. म्हणजे तेच नव्हेत, त्यांची जात. त्यांच्या हातात बँड नसतो. तुमचा अर्ज ते पुन्हा ऑनलाइन भरतात, चार आजार वाढवतात आणि नकार आला की फोन उचलत नाहीत. वाढवलेल्या आजाराखाली सही मात्र तुमची असते. शेल्टर या घरांसाठीच्या संस्थेची हेल्पलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस हे सल्लाकेंद्र, कायद्याचा सल्ला देणारं जवळचं लॉ सेंटर, ही सगळी मदत पैसे न देता मिळते.

दरम्यान दोन गोष्टी समांतर चालू ठेवता येतील. एक अदलाबदल. तुमच्यासारख्या पक्क्या भाडेकरूला दुसऱ्या कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूशी घर बदलता येतं, होमस्वॅपरसारख्या ठिकाणी नाव घालायचं, आणि रीतसर अर्ज केल्यावर घरमालकाने ४२ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तुमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर कुणाला कशाला हवं असेल, असं वाटेल. पण वर कुणाचे पाय वाजत नाहीत म्हणून शेवटचा मजला मागणारी तरुण जोडपी मी पाहिलीत. दुसरी गोष्ट न्हाणीघराची. टबात बसायची फळी, भिंतीला धरायच्या दांड्या अशा हजार पौंडांच्या आतल्या सोयी ओ.टी.ने सुचवल्या की फुकट बसतात. टब काढून सपाट शॉवर करायचा तर तो मोठ्या कामात मोडतो, इंग्लंडमध्ये त्याचं अनुदान ३०,००० पौंडांपर्यंत आहे आणि कौन्सिलच्या घरात बऱ्याचदा कौन्सिल स्वतःच्या पैशाने करून देते. मोठं काम मात्र आता मागू नका. शॉवर बसला की ‘घर सोयीचं करून दिलंय’ असं फाइलवर येतं, आणि जिना तिथेच राहतो. दांड्या आणि फळी जरूर घ्या, पडण्याची वाट कशाला बघायची?

पुनर्विचारातही नाही म्हणाले तर? कारणं लेखी द्यावीच लागतात. ती घेऊन लगेच लॉ सेंटरमध्ये जा, कारण न्यायालयात जायचं तर दिरंगाई चालत नाही आणि फार तर तीन महिने असतात. कारभारात चूक झाली असेल, म्हणजे पुरावा वाचलाच नाही, महिनोन् महिने उत्तर दिलं नाही, तर कौन्सिलकडे रीतसर तक्रार करून पुढे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं, तेही फुकट. पण प्रकृती बदलली, भरती व्हावं लागलं, ऑक्सिजन लागला, तर जुन्या नकाराशी झगडत न बसता नव्याने मेडिकल अर्ज द्या.

वाचकांपैकी ज्यांना अजून कौन्सिलचं घर मिळालेलंच नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. त्यांना आजाराच्या आधी व्हिसा बघावा लागतो. ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असा शेरा असलेल्या व्हिसावर ही दारं बंद आहेत. आय.एल.आर. (कायम राहण्याची परवानगी) मिळालेल्यांना सहसा उघडी असतात, मात्र कुणी लेखी हमी देऊन आणलेल्या आई-वडिलांना पाच वर्षं नाही. स्विंडन-साउथॉलकडच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या आपल्या गोवेकरांनी ‘सेटल्ड’ (कायम राहण्याचा दर्जा) आणि ‘प्री-सेटल्ड’ (त्याआधीचा तात्पुरता दर्जा) यांतला फरक नीट बघावा. दुसऱ्यात नोकरीसारखा आणखी एखादा आधार दाखवावा लागतो.

यजमानांच्या भिकेबद्दल. त्यांना विचारा, अकरा वर्षांत भाडं किती वेळा थकलं? तुम्ही लिहिलंय, एकदाही नाही. मग भाडेकरूने घरमालकाला ‘हे घर मला झेपत नाही, दुसरं दाखवा’ म्हणणं ही भीक कशी? तरी पटलं नाही तर वादात पडू नका. वही त्यांच्याच हातात द्या आणि सांगा, तुम्ही फक्त वेळ लिहीत जा. पुरुषमाणसाला दुखणं सांगायला जड जातं, आकडे लिहायला जात नाही. पहिल्या पानावर पायऱ्यांची संख्या त्यांनाच लिहू दे. मोजायला मात्र मुलीला पाठवा, ह्यांना त्यासाठी खाली उतरवू नका.

ई-मेलची पोच आली की मला कळवा. सल्लागाराच्या त्या चार ओळी हाती आल्या तर त्याही पाठवा, नाव-पत्ता खोडून.